बीसीए, बीसीएस की इंजिनिअरिंग: डेअरीचा हिशोब ठेवणाऱ्या मुलीसाठी

प्रश्न असा आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीएम घेऊन ६४ टक्के, गणितात जेमतेम. एमएचटी-सीईटी आणि बीसीएची (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स या पदवीची) सीईटी दोन्ही दिल्या, पण इंजिनिअरिंगचा पर्सेंटाइल फारसा नाही. कुटुंब पंढरपूर तालुक्यातलं, ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. समोर तीन पर्याय: तालुक्याच्या कॉलेजात बीसीए, पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, किंवा कर्ज काढून एका खासगी विद्यापीठात बीटेक. घरच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब ती दोन वर्षांपासून एक्सेलमध्ये ठेवते. आणि एआयमुळे कॉम्प्युटरमध्ये आता काही राहिलं नाही, असं सगळे सांगतात. काय करावं, असं वडिलांनी विचारलंय.

दादा, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. टक्के, पर्सेंटाइल, जात, उत्पन्न हे सगळं फॉर्मसाठी लागतं. पण मुलगी दोन वर्षं संकलन केंद्राचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, ही तिची खरी गुणपत्रिका आहे. माझं मत त्याच्यावरच ठरलंय, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. कर्ज काढून खासगी विद्यापीठातलं बीटेक घेऊ नका. बीसीएला पहिली पसंती द्या, पण जवळ आहे एवढ्यावर तालुक्याचं कॉलेज ठरवू नका. शेजारच्या दोन-तीन ठिकाणचे विभाग स्वतः जाऊन बघा आणि मग पसंतीक्रम भरा. पुण्याचं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स तिने गणिताशी दोन हात करायची तयारी दाखवली तरच.

आता हे का, ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, कोडिंग. या क्षेत्राच्या आत मात्र दोन वेगळे स्वभाव आहेत. एकात संगणक स्वतः कसा चालतो हे शिकतात: अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, त्यामागचं गणित. दुसऱ्यात एखादा व्यवहार, कारखाना, पतसंस्था, दवाखाना संगणकावर कसा उतरवायचा हे शिकतात: माहिती कुठून येते, कोण लिहितं, चुकली तर कोण दुरुस्त करतं, महिनाअखेरीला कुणाला काय कागद लागतो. अमेरिकेत या दुसऱ्या शाखेला कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणतात आणि बऱ्याच विद्यापीठांत ती बिझनेस स्कूलमध्ये शिकवली जाते. मिनेसोटा विद्यापीठाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस हा विषय स्वतंत्रपणे सुरू केला. आपल्याकडे त्या नावाची पदवी फारशी दिसत नाही. त्याच्या सगळ्यात जवळ जातं ते बीसीए, आणि पुणे विद्यापीठाच्या कॉमर्स शाखेतलं बीबीए-सीए.

तुमच्या घरचंच उदाहरण घेऊ. एखाद्या टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, विद्यार्थ्याला दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करायला सांगितलं की तो काय करतो? एक तक्ता सभासदांचा, एक रोजच्या दुधाचा, एक दराचा. दराच्या तक्त्यात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकलं की लिटरचा भाव येतो. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला अमुक रुपये. लिटर गुणिले भाव, झालं बिल. प्रात्यक्षिक परीक्षेला हे छान चालतं.

मग दर बदलतो. समजा सोळा तारखेला दूध संघाने लिटरमागे दोन रुपये कमी केले. विद्यार्थी दराच्या तक्त्यात जाऊन जुना भाव खोडतो आणि नवा लिहितो. विसाव्या दिवशी एक शेतकरी येतो आणि म्हणतो, मागच्या दहा दिवसांचं बिल हरवलं, परत काढून द्या. सॉफ्टवेअर बिल काढतं, पण नव्या भावाने. रक्कम जुळत नाही. शेतकरी म्हणतो तुम्ही पैसे खाल्ले, सचिव म्हणतो संगणक चुकला. चूक संगणकाची नसते. दराला लागू तारीख असते हे तक्ता आखणाऱ्याला सुचलं नाही. जुना दर खोडायचा नसतो, त्याच्याखाली नवा दर तारखेसह लिहायचा असतो, आणि ज्या दिवशी दूध आलं त्या दिवशी लागलेला भाव त्या नोंदीसोबतच साठवायचा असतो.

आणखी पुढे जा. संध्याकाळी लाइट गेली, दूध वहीत लिहिलं, सकाळी संगणकात भरलं. मग नोंदीची तारीख कोणती, आणि दुधाची कोणती? दहा दिवसांचं बिल नेमकं त्या रात्री संपत असेल तर? एक सभासद वारला, त्याचा मुलगा त्याच नंबरवर दूध घालतो. पशुखाद्याची उधारी बापाच्या नावावर आहे, ती कुणाच्या बिलातून कापायची? संकलन केंद्रावर तूपही विकत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ ला त्याचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी विकलेला डबा कुणी त्यानंतर परत आणला तर कोणता कर उलटवायचा?

हे प्रश्न कोडिंगचे नाहीत. कोड पाच ओळींचा असतो. हे प्रश्न सुचणं हीच या शाखेची विद्या आहे. ज्या मुलीने दोन वर्षं ती वही सांभाळली, तिला यातले निम्मे प्रश्न आधीच माहीत असणार. तिला विचारून बघा, दर बदलतो तेव्हा ती एक्सेलमध्ये काय करते. तिने त्यावर काहीतरी स्वतःची युक्ती काढलेली असेल, नवीन शीट, वेगळा रकाना, काहीही, तर ती योग्य रस्त्यावर आहे. तीन वर्षं शिकून बाहेर पडलेल्यांतही मला अशी मुलं क्वचित भेटतात.

आता अभ्यासक्रमांच्या नावांबद्दल, कारण इथे फार गोंधळ आहे.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ज्याला आपल्याकडे सर्रास बीसीएस म्हणतात (कोल्हापूर-सोलापूरकडे त्याच्या पुढे 'एन्टायर' लागतं), ही सायन्सची पदवी आहे. बारावीला गणित लागतं. पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षी कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स अशी परंपरा राहिली आहे. चांगल्या कॉलेजात हा अभ्यासक्रम खरोखर भक्कम असतो. पुण्यातल्या कंपन्यांत बीसीएस करून वर चढलेली कितीतरी माणसं आहेत. पण गणित जेमतेम असलेल्या मुलीला तिथे पहिलं वर्ष जड जातं, आणि बाहेरगावी एकटी राहून ते जड जाणं वेगळंच असतं. तिला गणित आवडत नाही की नीट शिकवलं गेलं नाही, हे आधी शोधा. दुसरं असेल तर पुणे उत्तम.

बीसीएला गणिताची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. डेटाबेस, सिस्टिम ॲनालिसिस, वेब, नेटवर्क, थोडी अकाउंटिंग-मॅनेजमेंटची ओळख असा त्याचा बाज. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए आणि बीएमएस एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले. राज्याच्या सीईटी कक्षाने त्यासाठी वेगळी परीक्षा सुरू केली आणि एआयसीटीईने बीसीएचा नमुना अभ्यासक्रमही काढला. पहिल्याच वर्षी जागांच्या मानाने परीक्षेला इतकी कमी मुलं बसली की सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी या चौकटीत न जाता कोर्सचं नाव बदलून तो विद्यापीठाच्या पातळीवरच चालू ठेवला. त्यामुळे आज एकाच गावात एका कॉलेजात बीसीए सीईटीतून आणि शेजारच्या कॉलेजात त्याच विषयांचा, पण वेगळ्या नावाचा कोर्स थेट प्रवेशाने, असं चित्र दिसतं. शिकवणं सारखं असेलही. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मोठा फरक पडतो, त्याकडे येतोच.

इंजिनिअरिंगचं कॉम्प्युटर किंवा आयटी चार वर्षांचं. पहिल्या दीड-दोन वर्षांत गणिताचे एम-१, एम-२, एम-३, शिवाय फिजिक्स, मेकॅनिक्स. तुमच्या मुलीचे गुण पाहता केटी लागण्याची, म्हणजे विषय राहण्याची, भीती खरी आहे. इंजिनिअरिंग झालेल्यांना कॅम्पसला जास्त कंपन्या मिळतात हेही खरं, ते मी नाकारणार नाही. पण तो फायदा चांगल्या कॉलेजच्या इंजिनिअरला मिळतो. नुसता बीटेकचा शिक्का पुरत नाही.

आणि पैशांचा हिशोब इथेच येतो, कारण तुम्ही जो पर्याय सगळ्यात महाग समजून बाजूला ठेवला असेल तो कदाचित फुकट आहे, आणि ज्यासाठी कर्ज काढणार आहात त्याच्या शुल्कात शासनाची एक पैशाची सवलत नाही.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश यात बसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. तुमची मुलगी या योजनेत अगदी मधोमध बसते. कॅपमधून बीसीए मिळालं तर शिक्षण शुल्क शून्य. कॅपमधून एखाद्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात आयटी मिळालं, तरी शिक्षण शुल्क शून्य. त्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण असतं, त्यामुळे तुम्हाला वाटतो तितका तो पर्सेंटाइल निरुपयोगी नसेल. गणिताची भीती नसती तर मी तुम्हाला इंजिनिअरिंगच्या कॅपकडेच ढकललं असतं. तरीही तो फॉर्म भरून ठेवा.

याच्या उलट बीएस्सीचे प्रवेश कॉलेज किंवा विद्यापीठ पातळीवर बारावीच्या गुणांवर होतात. तिथे ही माफी गृहीत धरू नका. त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन विचारा की गेल्या वर्षी याच कोर्सच्या ओबीसी मुलींना महाडीबीटीवरून (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून) नेमकं काय मिळालं. शिष्यवृत्तीचं काम बघणारा क्लार्क याचं उत्तर प्राचार्यांपेक्षा अचूक देतो. पुण्याला पाठवायचं ठरलं तर ओबीसी विद्यार्थ्यांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्याजेवणासाठी त्यातून मदत मिळते. त्या वर्षीच्या अटी वाचूनच पुढे जा.

कागद आजच जमवायला घ्या: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने हातातली आरक्षित जागा गेलेली मुलं दरवर्षी दिसतात. आईवडिलांना वाटतं जातीचा दाखला आहे म्हणजे झालं. होत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज रक्कम उचलल्यापासून चढत असतं. चार वर्षांच्या बीटेकमध्ये पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेचं व्याज पाच वर्षं साचतं. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती. तुम्हाला जागा देऊ करणारं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे त्यांच्या समुपदेशकाला विचारू नका, योजनेच्या पोर्टलवर स्वतः पाहा. मुलीच्या पहिल्या नोकरीचा पगार अर्धा हप्त्यात जाणार असेल तर तिला चांगली शिकायला मिळणारी पण कमी पगाराची पहिली नोकरी घेताच येणार नाही. आणि या क्षेत्रात पहिल्या नोकरीत काय शिकलो यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

आता कॉलेज कसं पाहायचं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण एकाच विद्यापीठाच्या, एकाच अभ्यासक्रमाच्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो माहितीपत्रकात कुठेच दिसत नाही.

कामाच्या दिवशी जा, सुट्टीच्या किंवा प्रवेशाच्या गर्दीच्या दिवशी नको. मुलीला सोबत न्या आणि बोलायचं काम तिला करू द्या. विभागात गेल्यावर मागच्या वर्षीच्या टीवायच्या प्रोजेक्ट फाइली बघायला मागा. चांगला विभाग आनंदाने कपाट उघडून देतो. शीर्षकं वाचा. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, ऑनलाइन शॉपिंग, पुन्हा लायब्ररी मॅनेजमेंट, अशी रांग दिसली तर एक फाइल उघडून मधली आकृती बघा, मग दुसरी फाइल उघडून तीच आकृती बघा. मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून गेलोय तिथे असंही पाहिलंय की तीन गटांच्या रिपोर्टमध्ये दवाखान्याचं नाव बदललेलं, पण स्क्रीनवरच्या रुग्णाचं नाव तेच. ते प्रोजेक्ट बाहेर झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. तीन वर्षं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं की हा तक्ता असा का आखलास.

याच्या उलट कपाटात गावाच्या खुणा दिसल्या तर तो विभाग जिवंत आहे समजा. डाळिंबाच्या बागेचा फवारणी हिशोब, पतसंस्थेची पिग्मी, एसटीचा पास, यात्रेतल्या हरवलेल्यांची नोंद. चकचकीत नसतील, स्क्रीन कुरूप असतील, पण कुणीतरी बाहेर जाऊन माणसांशी बोलून आलंय हे कळतं. अशा फाइलीत शेवटी 'मर्यादा' नावाचं पान असतं आणि त्यात खऱ्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ते पान जरूर वाचा.

मग एखाद्या एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलीला तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल दाखवायला सांगा. सगळ्यांच्या जर्नलमध्ये अक्षरशः एकच प्रोग्रॅम, त्याच व्हेरिएबलच्या नावांसह, हाताने उतरवलेला असेल तर लॅबमध्ये काय चालतं ते कळलं. तिला विचारा आठवड्यात लॅब किती वेळा होते, एका मशिनवर कितीजण बसतात, आणि लेक्चर नसताना लॅब उघडी असते का. घरी लॅपटॉप नसलेल्या मुलांसाठी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

शिक्षकांबद्दल विचारताना डिग्रीपेक्षा टिकून किती वर्षं आहेत ते विचारा. विनाअनुदानित विभागांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक दर जूनला बदलतात. शिकवणारा चांगला असूनही त्याचा इलाज नसतो. डेटाबेस शिकवणारी एकच व्यक्ती पाच-सहा वर्षं त्या विभागात आहे, असं आढळलं तर ते कॉलेज तुमच्या यादीत वर घ्या.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत ओजेटी म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. मागच्या बॅचने ओजेटी कुठे केलं, हे विचारा. गावातल्या एमएस-सीआयटी सेंटरवर सह्या घेऊन आले असतील तर सांगणारा जरा अडखळतो. साखर कारखान्याच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागात, बँकेच्या मुख्य शाखेत, सीएच्या ऑफिसात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या ईआरपीवर (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बसले असतील तर तो उत्साहाने नावं सांगेल. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे हसरे फोटो मात्र सोडून द्या. त्यात बऱ्याचदा पाच वर्षांपूर्वीची मुलं असतात.

पदवी पुढे कुठे अडते तेही बघून ठेवा. बीसीएनंतर राज्याच्या सीईटीतून दोन वर्षांचं एमसीए करता येतं, तो सरळ रस्ता आहे आणि मी तुमच्या मुलीसाठी तोच धरून चाललोय. एनआयटींच्या एमसीएसाठीची निमसेट द्यायची तर पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो आणि खुल्या व ओबीसी प्रवर्गाला ६० टक्के लागतात. म्हणून बीसीएचा अभ्यासक्रम हातात घेऊन त्यात गणित-संख्याशास्त्राचे पेपर आहेत का, एवढं आजच तपासा. नसतील तर ते दार तिथेच बंद. बँकेत आयटी ऑफिसर व्हायचं तर आयबीपीएस या बँक भरती संस्थेला चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते, किंवा पदवीसोबत नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'बी' लेव्हल कोर्स. नुसत्या बीसीएवर ते जमत नाही. सीडॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या डॅक या ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगच्या डिप्लोमाचंही तसंच, तिथे एमसीए झाल्यावर दार उघडतं. एमपीएससी-यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. परदेशात मास्टर्स करायचं मनात असेल तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. ते चौथ्या ऑनर्स वर्षाने किंवा एमसीएने भरून निघतं.

बीसीए झाल्यावर लगेच नोकरी हवी असेल तर मोठ्या आयटी कंपन्या बीसीए-बीएस्सीवाल्यांना वेगळ्या वाटेने घेतात. विप्रोच्या वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅममध्ये नोकरी करता करता कंपनीच्या खर्चाने एमटेक होतं. टीसीएसही बीसीए-बीएस्सीच्या मुलांची स्वतंत्र भरती करते. पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो आणि करार असतो, तो नीट वाचायचा. पण घरावर भार नको असेल तर हा सन्मानाचा मार्ग आहे.

आता एआय. तुम्हाला जे सगळे सांगतात त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी नव्या मुलांना जे सोपं कोड लिहायला, टेस्ट करायला द्यायचे, त्यातलं बरंच आता यंत्र करतं, आणि फक्त तेवढंच येणाऱ्याला नोकरी मिळणं अवघड झालंय. पण तेच यंत्र घेऊन तुमच्या संकलन केंद्रावर बसा. दूध डेअरीचं सॉफ्टवेअर लिही म्हटलं तर ते काही मिनिटांत लिहून देईल, कदाचित लागू तारखेचा रकानासुद्धा घालेल. तुमच्याकडे लाइट गेल्यावर वहीत लिहितात, ती वही कुणाकडे असते, आणि बिलाच्या आदल्या रात्री सचिव तिच्यात काय दुरुस्त्या करतो, हे त्याला कुणी सांगायचं? ते सांगू शकणाऱ्या आणि यंत्राने दिलेलं बरोबर आहे का हे तपासू शकणाऱ्या माणसाची किंमत वाढलीय. दुसरं म्हणजे भाषा आणि टूल्स दर चार-पाच वर्षांनी बदलतात, पण एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायच्या पद्धतीवर) आजही बँकांसारखे कितीतरी व्यवहार चालतात. म्हणून मी प्रत्येक मुलाला सांगतो, एसक्यूएल (अशा तक्त्यांतून माहिती काढायची भाषा) आणि डेटाबेसची आखणी इतकी पक्की करा की झोपेत विचारलं तरी सांगता यावी. बाकीचं दोन महिन्यांत शिकता येतं.

कॉलेज साधंच मिळालं तर? तर सोबत आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी, डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स, हिचा विचार करा. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय. तिथे जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, आणि पुढे जिथे थांबाल तिथे सर्टिफिकेट, डिप्लोमा, पदवी मिळते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलांना कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत आहे. पण त्यात गणित आणि संख्याशास्त्र पहिल्याच पायरीवर आहे आणि आठवड्याला बराच वेळ जातो. बीसीएच्या पहिल्या सत्राचा निकाल लागू द्या, मग ठरवा. दोन्हीकडे एकदम उडी मारून दोन्हीकडे केटी घेऊन बसलेली मुलंही आहेत.

मुलीला घरापासून लांब पाठवायचं की नाही, यावर माझं मत तुम्ही मागितलं नाही, तरी लिहितो. चांगला विभाग सोलापुरात किंवा सांगलीत मिळत असेल तर केवळ मुलगी आहे म्हणून तालुक्याच्या कच्च्या कॉलेजात अडकवू नका. रोज दोन तास एसटीत घालवण्यापेक्षा वसतिगृह बरं, कारण लॅब संध्याकाळी उघडी असते तेव्हाच खरं शिकणं होतं.

आणि एक लॅपटॉप घ्या. महागडा नको, पण आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, सेकंडहँड असला तरी चालेल. कर्जाच्या विचारात होतात त्यातला फार छोटा भाग त्यात जाईल. प्रवेश होईपर्यंतच्या दोन महिन्यांत तिला एकच काम द्या: एक्सेलमधला तुमचा हिशोब पोस्टग्रेसमध्ये किंवा एसक्यूलाइटमध्ये उतरवायचा, ही दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअरं फुकट आहेत, आणि मागच्या कोणत्याही दहा दिवसांचं बिल त्या वेळच्या भावाने काढून दाखवायचं. ती अडेल तिथे तिने मला लिहावं. तिने आखलेले तक्ते सोबत पाठवले तर मी वाचून उत्तर देईन, आणि ते बघून कॅपच्या पसंतीक्रमात बीसीए वर ठेवायचं की आयटी, हेही जास्त खात्रीने सांगता येईल.